जुनी मारुती, रेसचं वेड आणि फाटका खिसा (सल्ला हवा)

खिंडीतला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून तोंड उघडतोय.

सासऱ्यांची २००१ ची मारुती ८०० आमच्या तळेगावच्या घरामागे ताडपत्रीखाली उभी आहे. अधूनमधून चालू करतो, इंजिन ठीक आहे. दुसरीकडे आमच्याच सोसायटीतले एक काका त्यांची २००४ ची एस्टीम व्हीएक्सआय जवळपास भंगाराच्या भावात द्यायला तयार आहेत. दोन्हीपैकी एकीची रेस कार करायची असं डोक्यात आहे. सुरुवात ऑटोक्रॉसने (मोकळ्या मैदानात शंकूंमधून घड्याळ लावून गाडी पळवायची ती स्पर्धा), जमलं तर पुढे चेन्नई नाहीतर कोइमतूरच्या ट्रॅकवर.

बजेट दोन लाख. ओढूनताणून अडीच.

ओळखीच्या गॅरेजवाल्याने कागदावर हिशेब करून दिला: ८०० मध्ये झेनचं इंजिन, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं, हेडर (एक्झॉस्टच्या खास नळ्या), मोठा सायलेन्सर, मोठे अलॉय. जवळजवळ सगळे पैसे तिथेच संपतात. 'गाडी उडेल' म्हणाला. बायकोची अट एकच, बाबांच्या गाडीला कटर लावायचा नाही. तर काय करावं? अनुभवींनी लिहावं.

चहाबिस्किट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सासऱ्यांची गाडी कापणाऱ्या जावयाला हेल्मेट लागेलच, पण घरात.

जुनापाना

खिंडीतले भाऊ, मी ड्रायव्हर नाही. नव्वदच्या दशकात चेन्नईला पिटमध्ये पाने देणारा, टायर उचलणारा माणूस आहे. मूळचा नागपूरचा. त्यामुळे जे लिहितो ते पिटमधून जे दिसतं त्यावर.

पहिली गोष्ट म्हणजे तो कागद गॅरेजवाल्याला परत द्या. त्याने तुमचे पैसे बरोब्बर उलट्या क्रमाने लावलेत. जुन्या स्वस्त गाडीची रेस गाडी करायची तर क्रम असा: आधी बॉडी शाबूत आहे का ते पाहायचं, मग माणूस वाचेल अशी व्यवस्था, मग ब्रेक, मग टायर, मग सस्पेन्शन. इंजिन सगळ्यात शेवटी. आणि 'शेवटी' म्हणजे पहिल्या सीझनमध्ये नाहीच, फक्त निरोगी पाहिजे.

कारण सांगतो. ८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी, ताकद ३७ अश्वशक्तीच्या आसपास (पाच गिअरवाली बारा व्हॉल्व्हची असेल तर ४५). गाडी साधारण साडेसहाशे किलो. हेडर आणि सायलेन्सरने त्यातून फार तर तीन-चार घोडे निघतील, आवाज मात्र वीस घोड्यांचा येईल. त्याच गाडीतून सत्तर किलो उतरवले तर तेवढाच फायदा होतो, तोही फुकट, आणि वर ब्रेक लागतात, वळण घेता येतं, टायर टिकतात.

एस्टीमचं जी१३बी इंजिन १२९८ सीसी, एमपीएफआय झाल्यावर (कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आल्यावर) ८५ अश्वशक्ती, वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास. म्हणजे जे तुम्ही ८०० मध्ये पैसे ओतून मिळवायला निघालात त्याहून जास्त तिच्यात आधीच आहे. आपल्याकडच्या टूरिंग कार रेसमध्ये वर्षानुवर्षं एस्टीमच धावल्या ते उगीच नाही. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. ८०० ला मागे सरळ अ‍ॅक्सल.

अवांतर: ८०० ला कमी लेखू नका मात्र. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी ८० च्या दशकाच्या अखेरीस जी एकआसनी फॉर्म्युला मारुती उभी केली, तिच्यात इंजिन हेच ८०० चं होतं. नारायण कार्तिकेयनची सुरुवात त्याच गाडीतली. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले, कोइमतूरचा कारी स्पीडवे त्यांच्या नावाचा. इंजिन तेच राहिलं, भोवतीची गाडी हलकी आणि बुटकी झाली. त्यातच सगळं आलं.

खिंडीतला

जुनापाना, दंडवत. म्हणजे एस्टीम घेऊ? पण ऑटोक्रॉसला लहान गाडी बरी ना? आणि झेनमध्ये एस्टीमचं इंजिन टाकतात असं बरंच ऐकलंय, त्याचं काय?

जुनापाना

टाकतात, आणि छान बसतं, कारण झेनचं ९९३ सीसी आणि एस्टीमचं १.३ ही एकाच घराण्यातली इंजिनं आहेत. तो सौदा मीही वाईट म्हणणार नाही. पण तुमच्याकडे झेन नाही! आणि ८०० मध्ये असं काही कोंबलं की पुढचा भाग जड होतो, ड्राइव्ह शाफ्टपासून माउंटिंगपर्यंत सगळं जुळवाजुळव, आणि बारा इंची चाकात मावणारे ब्रेक तेच राहतात. वेग १०० चा १२० झाला की थांबवायची ऊर्जा २० टक्के नाही, ४४ टक्के वाढते. ती सगळी त्या चिमुकल्या डिस्कने गिळायची.

उद्यमनगर

जुनापाना काकांनी लाखाचं बोललं. मी कोल्हापूरचा, लेथ आणि फॅब्रिकेशनचं काम. रोल केजबद्दल, म्हंजे गाडी उलटली तरी माणूस वाचावा म्हणून आत बसवायच्या नळ्यांच्या पिंजऱ्याबद्दल लिहितो, कारण त्यात लोक लै माती खातात.

भावा, पहिलं म्हणजे पाण्याची जीआय पाईप वाकवून कुणी 'केज करून देतो' म्हटलं तर तिथनं चपला घालून निघायचं. ती शिवण असलेली पाईप, मार बसला की शिवणीवर उकलते. वर जस्ताचा थर, वेल्डिंग करताना धूर छातीत जातो आणि टाकाबी धड बसत न्हाई.

एफआयएच्या (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) नियमात नळी कसली पाहिजे ते स्पष्ट हाय: बिनशिवणीची, थंड ओढलेली, साधी कार्बन स्टील, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. डोक्यामागची मुख्य कमान ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० आणि २. बाकीच्या नळ्या ३८ गुणिले २.५ किंवा ४० गुणिले २. नळी थंडच वाकवायची, गॅसने तापवून न्हाई. वाकल्यावर आतल्या बाजूला सुरकुती पडली तर तो तुकडा बाजूला टाकायचा.

पाय कुठं बसतात ते अजून महत्त्वाचं. मुख्य कमानीच्या पायाखाली पत्र्याला किमान ३ मिमीची प्लेट, क्षेत्रफळ किमान १२० चौरस सेंटिमीटर, आणि प्रत्येक पायाला कमीत कमी तीन एम८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे. ८०० चा किंवा एस्टीमचा तळ म्हंजे पातळ पत्रा. प्लेट न देता नळी तशीच उभी केली तर गाडी उलटल्यावर ती पत्रा फाडून खाली जाईल आणि छप्पर तुमच्या डोक्यावर येईल. मग पिंजरा असून नसल्यासारखा.

वजनाचा हिशेबबी घ्या. ४५ ची नळी मीटरला २.६ किलो, ३८ ची २.२. छोट्या गाडीत सोळा-सतरा मीटर नळी जाते, म्हंजे चाळीस किलो आले. तुम्ही गालिचा-सीट काढून जे उतरवलं त्यातलं निम्मं परत चढलं. पण गाडी कडक होते, सस्पेन्शन नीट काम करतं. त्यामुळं रडायचं न्हाई.

शिल्पा_के

उद्यमनगर यांच्या पोस्टला +१. मी मेकॅनिकल इंजिनिअर, स्पर्धांमध्ये तांत्रिक तपासणीच्या टेबलावर मदत करते, तेव्हा जे पाहते ते.

१. पिंजऱ्याची नळी हेल्मेटला लागू शकेल अशी असेल तिथे पॅडिंग हवंच, आणि ते स्पर्धेसाठीचं. नळाला गुंडाळायचा फोम नाही. तो नखाने दाबला तर दबतो, म्हणजे डोक्यानेही दबेल आणि आतली नळी लागेल.

२. सीट आणि बेल्टला मुदत असते. एफआयएचे बेल्ट लेबलवर छापलेल्या वर्षापर्यंतच. ८८५५-१९९९ प्रमाणाची सीट तयार झाल्यापासून पाच वर्षं. परदेशातून स्वस्तात आलेले 'जवळजवळ नवीन' बेल्ट विकणारे भेटतात, आधी लेबल बघा, मग रंग.

३. मेन स्विच. एका फटक्यात सगळी वीज बंद आणि इंजिनसुद्धा बंद. बऱ्याच जणांचा स्विच फक्त बॅटरी तोडतो, पण अल्टरनेटरच्या जोरावर इंजिन चालूच राहतं. आम्ही स्विच ओढायला सांगतो तेव्हा गाडी मजेत घरघरत असते आणि मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. बाहेरून ओढायची कडी आणि तिच्यापाशी निळ्या त्रिकोणात लाल वीज असं चिन्ह.

४. पुढची काच लॅमिनेटेड. फार जुन्या गाड्यांना टफन्ड काच असते, खडा लागला की अख्खी काच पांढरी होते आणि समोरचं काही दिसत नाही.

५. अग्निशामक घट्ट बसवलेला, प्लास्टिकच्या पट्टीने नाही.

आता धागाकर्त्याच्या बजेटविषयी, थोडं कडू. केज, सीट, सहा पट्ट्यांचा बेल्ट, हेल्मेट, मान सांभाळणारं हॅन्स, आग न धरणारा सूट, बूट, हातमोजे. हे सगळं नवीन आणि प्रमाणित घेतलं तर तुमचे दोन लाख तिथेच संपतील, गाडीची किंमत धरलेलीच नाही. म्हणून दोन टप्पे करा. आधी ऑटोक्रॉस, जिथे गाडी जवळजवळ आहे तशी चालते. त्या त्या स्पर्धेचं नियमपत्रक निघतं, ते आधी मागवून वाचा, कारण क्लासप्रमाणे मागण्या बदलतात. दरम्यान चांगलं हेल्मेट घ्या, ते पुढेही उपयोगी पडेल. एफएमएससीआयचा (देशातल्या मोटर स्पर्धांची संघटना) परवाना लागेल. सर्किट पुढच्या वर्षी.

मिशिगनकर

धागा वाचून राहवलं नाही. इकडे अमेरिकेत याच वेडाची एक अख्खी मालिका चालते, '२४ अवर्स ऑफ लेमन्स'. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. नियम असा की गाडी ५०० डॉलरच्या आत. गंमत पुढे आहे: केज, सीट, बेल्ट, ब्रेक, चाकं, टायर हे त्या पाचशेत धरतच नाहीत. म्हणजे 'जीव वाचवायला आणि थांबायला हवा तेवढा खर्च करा, पळायला मात्र करू नका' हे त्यांनी नियमातच लिहून ठेवलंय. गाडी पाचशेपेक्षा महाग वाटली तर परीक्षक सरळ फेऱ्या कापतात. आणि सगळ्यात मानाचं बक्षीस जिंकणाऱ्याला नसतं, सगळ्यात भंगार गाडीतून सगळ्यात जास्त कर्तबगारी दाखवणाऱ्याला असतं.

आमच्या जवळ साउथ हेवनला जिंजरमन म्हणून ट्रॅक आहे, तिथे ही रेस पाहिली. जिओ मेट्रो नावाची गाडी त्या मंडळींची लाडकी. ती मूळची सुझुकी कल्टस. आणि त्याच कल्टसची सेडान म्हणजे आपली मारुती १००० आणि नंतरची एस्टीम! सोसायटीतल्या काकांकडे उभी आहे ती चुलत बहीणच. तिथे कुणीतरी मेट्रोच्या मागच्या सीटच्या जागी होंडाच्या मोटरसायकलचं इंजिन बसवून धावून दाखवलंय. तुम्ही तसं करू नका.

एक पाहिलेलं सांगतो. लांब पल्ल्याच्या रेसमध्ये पहिल्या दोन तासांत बाहेर पडणाऱ्यांत 'इंजिन तयार केलेल्या' गाड्यांची गर्दी असते. हेड गॅस्केट उडालेलं, पाणी उकळलेलं, ऑइल संपलेलं. साध्या इंजिनवाली खटारा गाडी दुसऱ्या दिवशी दुपारीही फिरत असते.

चहाबिस्किट

भंगार गाडीतून कर्तबगारी हा निकष लावला तर आमच्या तालुक्याचे वडाप जीपवाले विश्वविजेते.

पाटो_पणजी

गोव्याहून. गंजाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, आमच्याकडे समुद्राची हवा गाड्या खाते.

काकांची एस्टीम घेण्याआधी चावी फिरवू नका, आधी गालिचा उचला. ड्रायव्हरच्या पायाखाली, मागच्या सीटखाली, जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीत स्टेपनीचा खड्डा. आणि बॉनेट उघडून दोन्ही स्ट्रटचे (पुढच्या शॉकअपचे) घुमट. तिथे रंगाखाली फुगवटा दिसला तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं तर नमस्कार करून घरी या. दारं, बॉनेट, मडगार्ड कुजले असले तर हरकत नाही, ते बदलता येतात. घुमट आणि तळ गेले तर केज बसवायला जागाच उरत नाही.

वरून ताजं काळं अंडरकोटिंग मारलेलं असेल तर जास्तच संशय घ्या.

आणि गाडीला कधी एलपीजी किंवा सीएनजी किट होतं का ते कागदावर बघा. गॅसवर फार चाललेल्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट झिजलेल्या असतात. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने तपासा. आकडा किती यापेक्षा सगळीकडे सारखा आहे का ते महत्त्वाचं.

खिंडीतला

शिल्पाताई, पाटो, मिशिगनकर, सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली आहे.

काल काकांकडे जाऊन आलो. गालिचा उचलू का विचारल्यावर त्यांना नवल वाटलं, पण उचलू दिला. गाडी कायम घाटावरच राहिलेली, तळ कोरडा आहे. डाव्या मागच्या कमानीला गंज, दोन्ही घुमट ठणठणीत. गॅस किट कधीच नव्हतं. एसी मेलेला.

गॅरेजवाल्याला सांगितलं की इंजिनाला काही करायचं नाही, तर त्याचा चेहरा पडला.

आता एक भाबडा प्रश्न. केज टाकल्यावर ऑटोक्रॉसच्या मैदानापर्यंत गाडी चालवत नेता येईल ना? ट्रेलरचा खर्च वाचेल.

आरटीओ_पीडित

नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणीत उत्पादकाने दिलेला जो तपशील आहे त्यात बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. सीटा काढल्या, पिंजरा घातला, सायलेन्सर बदलला की ती गाडी रस्त्याची राहिली नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला फोटो आतला काढेल.

कागदांचं मात्र आधी उरका. एस्टीम तुमच्या नावावर करून घ्या, नुसती चावी घेऊन येऊ नका. २००४ ची म्हणजे पंधरा वर्षं कधीच उलटलीत, नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते बघा. चासी नंबर आणि आरसी जुळतो का तेही. नोंदणी रद्द करायची का, कशी, हे तुमच्या आरटीओत विचारूनच.

शिल्पा_के

कायदा सोडा, शरीराचं बघा. पिंजरा हा हेल्मेट घातलेल्या, सहा पट्ट्यांनी सीटला जखडलेल्या माणसासाठी असतो. साध्या बेल्टने, उघड्या डोक्याने रस्त्यावर चालवलीत तर लहानशा धडकेतही डोकं लोखंडी नळीवर आपटेल. एरवी जिथे टेंगूळ आलं असतं तिथे कवटी फुटेल. दोन्हीचं मिश्रण करू नका. जोवर ऑटोक्रॉसच आहे तोवर मूळ सीट, मूळ बेल्ट, केज नाही, आणि गाडी रस्त्यावर कायदेशीर ठेवा. ज्या दिवशी पहिली नळी बसेल त्या दिवसापासून फ्लॅटबेड ट्रकवरूनच न्यायची.

जुनापाना

आता ताई म्हणतात तसं टप्प्याने घेऊ. गाडी चांगली निघाली हे ऐकून बरं वाटलं. पहिल्या टप्प्यात काय करायचं ते लिहितो, बऱ्यापैकी स्वस्त आहे.

ब्रेक: पुढचे कॅलिपर खोलून सील नवे, पिन साफ आणि ग्रीस, डिस्क लेथवर घासून सरळ. मागचे लायनर नवे आणि सारखे लावून घेतलेले. ऑटोक्रॉसला हँडब्रेक म्हणजे अर्धं स्टिअरिंग, तो दोन्ही चाकांवर सारखा धरला पाहिजे, त्याची केबल बदलाच. रबरी होज पाईप वीस वर्षांचे झाले, ते आधी काढून फेका. ब्रेक ऑइल पूर्ण नवं, डॉट ४. कोरडं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं, पण हवेतलं पाणी पिऊन पिऊन १५५ पर्यंत खाली येतं. डॉट ३ तर १४० पर्यंत. म्हणून वर्षानुवर्षं न बदललेल्या ऑइलवर तिसऱ्या फेरीत पॅडल जमिनीला टेकतं. जगातला सगळ्यात स्वस्त सुधार आहे हा आणि कुणी करत नाही.

सस्पेन्शन: आधी झिजलेलं सगळं नवं. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, स्ट्रटच्या वरचे बेअरिंग, इंजिन माउंटिंग. नवे शॉकअप. एवढं झालं की अर्धी गाडी बदलते. स्प्रिंग कापून गाडी बुटकी करणारे भेटतील, त्यांना हात जोडा. कापलेली स्प्रिंग चाक लोंबलं की जागेवरून निसटते, आणि खडबडीत मैदानात गाडी सतत तळाला आपटते.

टायर: तेराच इंच ठेवा. मोठे अलॉय जड असतात, गिअरिंग लांब होतं, गाडी सुस्त होते. ऑटोक्रॉस मातीत असेल तर खोल नक्षीचे, डांबरावर असेल तर चांगले रस्त्याचे, हवा थोडी कमीजास्त करून बघा. सेमी-स्लिक (कमी नक्षीचे रेसचे टायर) सर्किटच्या वेळी.

इंजिन: टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे रबरी होज, रेडिएटर आतून साफ, ऑइल, फिल्टर, प्लग. बस्स. जी१३बी चा ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे. एकदा उकळलं की हेड वाकतं. काट्याकडे लक्ष द्यायला शिका, आणि काट्यावर विश्वास नसेल तर वेगळं तापमान मीटर लावा. रेडिएटरच्या पंख्याला हाताने चालू करायचा स्विच ठेवा, दोन रनच्या मध्ये गाडी उभी असताना कामाला येतो.

मिशिगनकर

जुनापाना, इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरमधल्या पत्र्याचं सांगा ना. लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो.

जुनापाना

सर्किटवर लागेल. चेन्नईचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, त्यात गाडी बराच वेळ एकाच कुशीवर राहते. तेव्हा चेंबर उतरवून आत आडवे पत्रे टाकून घ्या. उद्यमनगरवाल्यांचं अर्ध्या दिवसाचं काम. ऑटोक्रॉसमध्ये वळणं छोटी असतात, पातळी वरच्या खुणेवर ठेवली तर चालतं.

उद्यमनगर

पत्रे टाकायचे तर वेल्डिंगनंतर आतनं खवले निघाले पायजेत, न्हाईतर तेच बेअरिंगमध्ये जातात. ब्रशनं, मग रॉकेलनं, मग हवेनं.

वजन कमी करायचं असंल तर अजून एक. तळावर चिकटवलेला डांबरी थर असतोय, आवाज कमी करायला. खरवडून काढताना जीव जातो. त्यावर कोरड्या बर्फाचे तुकडे पसरायचे, दहा मिनिटं थांबायचं, हातोडीनं ठोकलं की खापऱ्या उडतात. दारं सताड उघडी ठेवा आणि जाड हातमोजे घाला. त्या बर्फाचा कार्बन डायऑक्साइड होतोय, बंद गाडीत बसून करायचं काम न्हवं ते.

आणि किती उतरलं ते अंदाजानं सांगू नका, काट्यावर न्या. आमच्याकडं उसाचा वजनकाटा असतोय. आधी अख्खी गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर. पुढं किती आणि मागं किती ते कळतं. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी हाय, नाक जडच असणार. तरी बॅटरी डिकीत न्यायची का न्हाई ते तो आकडा बघून ठरवा, कुणी सांगितलं म्हणून न्हवं.

घाटरस्ता

मला थोडं वेगळं वाटतं. हे माझं वैयक्तिक मत. सगळे एस्टीमच्या मागे लागलेत, पण शिकायला ८०० बरी. कमी ताकदीच्या गाडीत वेग टिकवायला शिकावं लागतं. प्रत्येक चुकीचं वळण घड्याळावर दिसतं, कारण ती भरून काढायला घोडे नसतात. एस्टीममध्ये चुका झाकल्या जातात. सासऱ्यांची ८०० न कापता, फक्त ब्रेक आणि टायर करून एक सीझन खेळा, फुकटात. एस्टीम तोवर काकांकडे राहू दे.

जुनापाना

मुद्द्यात दम आहे. फक्त काका तोवर थांबायला हवेत.

शिल्पा_के

घाटरस्ता, तत्त्वतः मान्य. पण ऑटोक्रॉसमध्ये गाडीचे हाल होतात. खड्ड्यात चेंबर फुटतं, ड्राइव्ह शाफ्ट जातो, शंकू अंगावर घेऊन बंपर तुटतो. बाबांची गाडी न कापताही मोडू शकते. धागाकर्त्याच्या घरातल्या शांततेचा विचार करता मी एस्टीम म्हणेन.

पाटो_पणजी

घरातल्या शांततेला +१००.

खिंडीतला

ठरलं. एस्टीम घेतली! कागद नावावर करायला टाकलेत. बायकोने अट घातली की ८०० सुद्धा चालू ठेवायची आणि दर रविवारी तिला फिरवून आणायचं. मान्य केलं.

काल संध्याकाळी ब्रेक खोलले. जुनापाना, तुम्ही म्हणाला ते खरं, ऑइल चहासारखं निघालं. डावीकडच्या कॅलिपरचा पिस्टन अडकलेला होता, म्हणजे ती गाडी इतकी वर्षं एकाच चाकावर थांबत होती.

आता दोन प्रश्न. एक, मैदानात सराव करताना लांब वळणात टाकी पावाच्या खाली असली की गाडी धक्के देते. इंजेक्टर का? दोन, दुसरा गिअर कधीकधी किरकिरतो, आणि ऑटोक्रॉसला सगळा खेळ त्यातच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना गिअरबॉक्स शोधायला जाऊ का?

जुनापाना

इंजेक्टर नाही. पेट्रोल टाकीच्या कडेला सरकतं आणि पंपाला हवा लागते. आत्ता टाकी अर्ध्याच्या वर ठेवा, पाच-सात किलो जास्त वाहून न्या आणि गप्प बसा. सर्किटच्या वेळी छोटी मधली टाकी बसवू.

गिअरचं: आधी क्लच पूर्ण सुटतो का ते बघा. केबल ताणून लांबलेली असते. मग गिअरबॉक्सचं ऑइल बदला. तरी किरकिर राहिली तर दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) गेली समजा.

उद्यमनगर

कुर्ल्याला जाऊ नका, न बघता भाव सांगतात. माझ्याकडं एस्टीमचा एक गिअरबॉक्स पडून हाय, गाडी मागनं ठोकलेली होती म्हणून पुढचं सगळं चांगलं. दुसरा-तिसरा खोलून बघितलाय, रिंगा बऱ्या हायत. त्यासोबत डावा ड्राइव्ह शाफ्टबी देतो. येताना तुमचा जुना घेऊन या, खोलून दाखवतो काय झालंय ते. पत्ता व्यक्तिगत निरोपात धाडतो.